बजेटला नाव आलं, पैसे कधी येणार?

(रविवारी रेकॉर्ड केलेल्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. कारण तुमच्या गावात एखादा अर्धवट पूल, खडी अंथरून सोडून दिलेला रस्ता किंवा स्लॅबपर्यंत येऊन थांबलेली इमारत असेल, तर त्याचं उत्तर या विषयात आहे.

विषय आहे राज्याचं बजेट. विधानसभा ते कसं मंजूर करते, आणि त्यातून रस्ता-पुलाला पैसे कसे येतात किंवा येत नाहीत.

मी नायगावचा. नांदेडहून देगलूर-हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नरसीच्या अलीकडे आमचं नायगाव लागतं. बीटेक केलं, आता पुण्यात नोकरी. काम काय, तर कंपन्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर. एखादं बिल कुठं अडकलं, कुणाच्या मंजुरीला थांबलंय, हे शोधायचं. त्याचाच मला पगार मिळतो. आणि माझ्या सख्ख्या काकांचं बिल दीड वर्ष अडकलं होतं, ते का अडकलं हे मला सहा महिने कळलं नाही.

त्यात माझी चूक होती. ती आधी सांगतो.

काका आणि पूल

माझे काका गुत्तेदार आहेत. मोठे नाहीत. एक टिप्पर, एक मिक्सर, आठ-दहा माणसं. ग्रामपंचायतीच्या नाल्या, शाळेची कंपाउंड वॉल, सिमेंट रस्ते अशी कामं करायचे. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर फिरलं. "कोट्यवधींचा निधी खेचून आणला" असं मोठ्या अक्षरात, खाली कामांची यादी. त्यात आमच्या तालुक्यातल्या एका ओढ्यावरच्या पुलाचं नाव होतं. दोन गावांमधला ओढा. पावसाळ्यात नळकांडी पुलावरून पाणी गेलं की शाळेची पोरं अलीकडच्या काठावर बसून राहायची, ती जागा.

काकांनी मला फोन केला. "बाबू, हे खरं हाय का बघ की जरा."

मी साइटवरून पीडीएफ उघडलं, शोध घेतला, ओळ सापडली. पुलाचं नाव बरोबर, तालुका बरोबर, अंदाजित किंमत २ कोटी ४० लाख. मी काकांना सांगितलं, "काका, खरं आहे. बजेटला नाव आलंय. विधानसभेनं मंजूर केलंय म्हणजे पैसे कुठं जात नाहीत."

त्या ओळीत पुढे आणखी एक रकाना होता. "२०२३-२४ साठी तरतूद." तिथे लिहिलं होतं १० लाख. मी तो रकाना पाहिला, पण वाचला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर समोर होता आणि मी खाली स्क्रोल केलं.

काकांनी निविदा भरली, काम मिळालं. पतसंस्थेचं कर्ज काढलं, सिमेंट-सळईच्या दुकानदाराकडे उधारी केली. मे २०२४ पर्यंत पूल उभा राहिला. चांगला झाला. मी स्वतः त्यावरून गाडी घातली. मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या, साहेबांच्या सह्या झाल्या. सुरुवातीची थोडी रक्कम मिळाली. मग १ कोटी १० लाखांचं बिल ऑफिसात पडून राहिलं. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, कारण गोष्ट एका ऑफिसची नाही. काका दर सोमवारी जायचे, उत्तर एकच मिळायचं: "फंड नाही."

दिवाळीत मी घरी आलो तेव्हा अंगणात टिप्पर नव्हता. विकला होता. चुलत बहिणीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, तो सोडून नांदेडलाच घ्यावा लागला. जेवताना काका शांतपणे म्हणाले, "तू म्हणला होतास, बजेटला आलंय म्हणून."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या रात्रीपासून मी हा विषय धरला.

सभागृहात नेमकं काय मंजूर होतं?

आता थोडी शिकवणी. घाबरू नका, कलमं दोन-चारच सांगणार आहे.

राज्यघटनेच्या कलम २०२ प्रमाणे दरवर्षी राज्य सरकार आपल्या जमा-खर्चाचं पत्रक विधिमंडळासमोर ठेवतं. तेच आपलं बजेट. मुंबईच्या अधिवेशनात, साधारण मार्चमध्ये अर्थमंत्री ते विधानसभेत वाचतात आणि अर्थ राज्यमंत्री विधान परिषदेत. टीव्हीवर आपण बघतो ते हे भाषण. भाषणातल्या घोषणेनं एक रुपयाही तिजोरीतून बाहेर पडत नाही.

भाषणानंतर खातेनिहाय "अनुदानाच्या मागण्या" येतात. प्रत्येक खात्याला इंग्रजी अक्षर ठरलेलं आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मागण्या "एच" अक्षराखाली. त्यात पुन्हा लेखाशीर्षं. ५०५४ म्हणजे रस्ते आणि पुलांवरचा भांडवली खर्च, सोप्या शब्दांत नवं बांधकाम. ३०५४ म्हणजे त्याच रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती. आणि गावोगावी ज्याचं नाव ऐकू येतं ते "पंचवीस-पंधरा" म्हणजे २५१५, ग्रामविकास खात्याचं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं त्यातून होतात. आमच्याकडे सरपंच मंडळी म्हणतात, "पंचवीस-पंधरातून घेतलंय." हा आकडा त्यांना पाठ असतो, अर्थ विचारला तर हसतात.

विधानसभा या मागण्यांवर मतदान करते. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला बीटेक होईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. कलम २०३ प्रमाणे सभागृह एखादी मागणी मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेशिवाय, मागणी मांडताच येत नाही. म्हणजे "आमदारांनी निधी खेचून आणला" हे पोस्टर कायद्याच्या भाषेत बसतच नाही. आमदार मंत्र्यांकडे पाठपुरावा करतात, पत्रं देतात, चकरा मारतात. ते खरं काम आहे, मी नाकारत नाही. पण ती चकरा मारण्याची ताकद झाली. सभागृहातला आमदार म्हणून त्यांना मिळालेला अधिकार वेगळा आहे. खर्चाला हो किंवा नाही म्हणायचं, आणि हिशोब मागायचा. आपण मतदार पहिल्याबद्दल टाळ्या वाजवतो, दुसऱ्याबद्दल विचारतसुद्धा नाही.

मागण्यांवर कपात सूचना येतात, चर्चा होते. पण खाती भरपूर आणि दिवस मोजके. ज्या मागण्यांवर चर्चा व्हायची राहते त्या शेवटी एकदम मताला टाकल्या जातात. मग विनियोजन विधेयक. ते मंजूर झालं की कायद्यानं तिजोरीचं दार उघडतं. विधान परिषद बजेटवर चर्चा करते, मागण्यांवर मत देत नाही. हे विधेयक धन विधेयक असल्यामुळे परिषदेला ते फार तर १४ दिवस ठेवता येतं.

लोकसभेत १९९३ पासून खात्यांशी संलग्न स्थायी समित्या आहेत, त्या मागण्या आधी बारकाईनं तपासतात. केरळच्या विधानसभेत विषय समित्या हेच काम करतात. आपल्याकडे भर मुख्यतः सभागृहातल्या चर्चेवर. आणि चर्चेत प्रत्येक आमदार आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यांची नावं वाचून दाखवतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला घरी उत्तर द्यायचं असतं. पण "या वर्षी किती कामं घेतली आणि ती पूर्ण करायला एकूण किती पैसे लागतील," हा प्रश्न मागे राहतो.

१० लाखांचं गणित

आता काकांच्या पुलाकडे या.

पूल २ कोटी ४० लाखांचा. वर्षाची तरतूद १० लाख. दरवर्षी एवढीच मिळाली तर पैसे पूर्ण व्हायला २४ वर्षं लागतील. माझं वय तेव्हा २६ होतं.

सरकारी कामात हे नवीन नाही. याला टोकन तरतूद म्हणतात, म्हणजे नाममात्र रक्कम ठेवून कामाचं नाव यादीत घालायचं. एकदा नाव यादीत आलं की पुढची गाडी सुरू होते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम चालू झालं की देणं तयार होतं, आणि बाकीचे पैसे पुढे पुरवणी मागणीतून किंवा पुढच्या वर्षीच्या बजेटमधून येतील असं सगळे धरून चालतात.

यामागे अगदीच कारण नाही असं नाही. पुलाचं काम दोन वर्षं चालणार असेल तर पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. थोडी तरतूद ठेवून मान्यता-निविदा उरकणं शहाणपणाचं आहे. पण हे शहाणपण शंभर कामांना पुरतं. यादीत हजार कामं घातली की प्रत्येकाच्या वाटणीला थेंब-थेंब येतो. आमच्या कंपनीत मॅनेजरनं एका टीमला एकाच वेळी चाळीस कामं दिली तर चाळीसही अर्धवट राहतात, पण क्लायंटला सांगायला मात्र छान असतं की सगळ्यांवर काम चालू आहे. तसंच हे.

विचार करा, कुणाला काय मिळालं. आमदारांना भूमिपूजन मिळालं, नारळ फुटला, पोस्टर लागलं. खात्याला काम मिळालं. गावाला पूल मिळाला, यात वाद नाही. आणि या सगळ्यासाठी बिनव्याजी पैसे कुणी दिले? काकांनी. म्हणजे पतसंस्थेनं, १४ टक्क्यांनी. राज्याच्या तुटीचा एक छोटा तुकडा आमच्या अंगणात येऊन बसला होता आणि त्याचं व्याज आम्ही भरत होतो.

काका एकटे नाहीत. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी ठिकठिकाणी आंदोलनं केली. मोठी कंपनी दोन वर्षं थांबू शकते. छोटा गुत्तेदार थांबू शकत नाही. तो पुढच्या निविदेत एकतर येतच नाही, किंवा आला तर उशिराचं व्याज आधीच दरात धरतो, किंवा सिमेंट वाचवतो. तिन्ही वाटांनी नुकसान रस्त्याचंच.

पुरवणी मागण्या: दुसरं बजेट

काकांना ऑफिसात सांगायचे, "पुरवणीत येईल." तर ही पुरवणी काय आहे?

कलम २०५. वर्ष चालू असताना मूळ तरतूद कमी पडली किंवा नवीनच खर्च निघाला, तर सरकार पुन्हा सभागृहाकडे येतं आणि पुरवणी मागण्या मांडतं. पूर आला, दुष्काळ पडला तर हे लागणारच. सोय योग्य आहे. पण आकार बघा.

२८ जून २०२४ ला अजित पवारांनी २०२४-२५ चा पूर्ण अर्थसंकल्प मांडला. फेब्रुवारीत लोकसभा निवडणुकीमुळे अंतरिम मांडला होता, म्हणून हा जूनमध्ये. एकूण खर्च ६ लाख १२ हजार २९३ कोटी. आणि त्याच अधिवेशनात, दोन आठवड्यांच्या आत, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ बजेटच्या १५ टक्क्यांहून जास्त. शाई वाळायच्या आत.

पुढचं वर्ष. १० मार्च २०२५ ला मांडलेलं २०२५-२६ चं बजेट ७ लाख २० कोटींचं. लक्षात घ्या, सात लाख आणि वर वीस कोटी. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेले. जूनच्या शेवटी पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या. आणि आता डिसेंबरात नागपूरला आठवडाभराचं अधिवेशन झालं, त्यात ७५ हजार कोटींच्या वर. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या पुढे. मूळ बजेटच्या जवळजवळ पाचवा हिस्सा.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुरवणीतली सगळी रक्कम नवा खर्च नसते. काही केंद्राकडून येणारे पैसे असतात, काही नुसते एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात केलेले हिशोबी बदल. निव्वळ भार त्याहून कमी असतो. तरीही मुद्दा राहतोच. मार्चमध्ये आठवडे घालून ज्या आकड्यांवर चर्चा केली, त्यांच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम दोन छोट्या अधिवेशनांत, मोजक्या तासांत मंजूर होते.

आणि उलट बाजूही आहे. कॅगचे अहवाल वाचलेत तर दिसेल की एकीकडे पुरवणीत पैसे मागितले जातात आणि दुसरीकडे वर्षअखेर मूळ तरतुदीतलेच पैसे खर्च न होता परत जातात. मंजुरीपेक्षा जास्त झालेला खर्चही असतो, तो नंतर लोकलेखा समितीकडून तपासून सभागृहानं नियमित करायचा असतो. या समितीचं अध्यक्षपद संकेतानं विरोधी पक्षाकडे असतं. रचना चांगली आहे. पण समितीसमोर गोष्ट येईपर्यंत रस्त्याला दुसरे खड्डे पडलेले असतात.

मंजूर आणि वितरित

माझे सहा महिने कुठे गेले माहीत आहे? या दोन शब्दांतला फरक कळण्यात.

सभागृहानं मंजूर केलं म्हणजे खर्च करायची परवानगी मिळाली. रोकड मिळाली असं नाही. रोकड वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं सोडतो. त्यासाठी "बीम्स" नावाची संगणक प्रणाली आहे. मंत्रालयातून विभागाला, विभागातून जिल्ह्याच्या ऑफिसला किती रक्कम दिली हे त्यात नोंदतात. ऑफिसच्या खात्यावर त्या शीर्षात रक्कम दिसली तरच बिल कोषागाराकडे जातं. म्हणून "फंड नाही" म्हणणारा क्लार्क बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याच्या स्क्रीनवर खरंच शून्य असतं.

बीम्सवरचे बरेच अहवाल कुणालाही बघता येतात. मी सॉफ्टवेअरवाला असून मला हे माहीत नव्हतं. एका रात्री बसून मी शीर्षानुसार आकडे काढले: मूळ तरतूद किती, सोडली किती, खर्च किती. मग कळलं की अमुक शीर्षात जिल्ह्याला आलेली रक्कम आणि तिथल्या चालू कामांची देणी यांचा काही मेळच नाही. थोडे पैसे येतात, ते पंधरा-वीस गुत्तेदारांमध्ये वाटले जातात. कुणाला किती, याचा लिखित नियम मला तरी कुणी दाखवला नाही. आणि बहुतेक रक्कम मार्च महिन्यात येते. ३१ मार्चच्या रात्री सरकारी ऑफिसांत लाइट का चालू असतात, ते आता तुम्हाला कळलं असेल.

शिवाय मंजुरी कायमची असते असंही नाही. जून २०२२ च्या शेवटी सरकार बदललं आणि आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या बऱ्याच कामांना स्थगिती मिळाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पक्ष कोणताही असो, ओढ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. पाणी जूनमध्ये येतं.

आमचा जुना बॅकलॉग

आमच्या ऑफिसात रोज एक शब्द असतो: बॅकलॉग. राहिलेली कामं. मराठवाड्यात त्यालाच अनुशेष म्हणतात आणि त्याचा हिशोब माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

१९८३ मध्ये सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज असं क्षेत्रवार मोजलं आणि १९८४ मध्ये सांगितलं की राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख. त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. पुढे कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि निधीचं न्याय्य वाटप बघण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. नव्या समितीनं १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजलं, तर एकूण आकडा १४ हजार ६ कोटींवर आणि मराठवाड्याचा ४ हजार ४ कोटींवर गेलेला. मराठवाड्याचा आकडा दहा वर्षांत पाचपटीहून जास्त. महागाई, नवे निकष हे सगळं धरूनसुद्धा बॅकलॉग कमी झाला नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्प आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र, आताचा तेलंगणा, यांचा संयुक्त. १९८० च्या दशकातला. निधी, पुनर्वसन, आंतरराज्य वाटा यांच्यात तो अडकत गेला, आणि काही कोटींचा प्रकल्प दोन हजार कोटींच्या पुढे गेला. घळभरणी झाली २०२५ मध्ये. आणि त्याच ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला, हसनाळ, रावणगावच्या भागात पाणी शिरलं, माणसं गेली. माझे आजोबा लेंडीचं नाव काढायचे, माझे वडील काढायचे, मीही काढतो. एखादं काम चाळीस वर्षं अर्धवट ठेवण्याची किंमत बजेटच्या कोणत्या शीर्षात लिहायची?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींपेक्षा जास्त रकमेची घोषणा झाली. २०१६ मध्येही तिथे अशी बैठक झाली होती. मी घोषणांच्या विरोधात नाही. पण आता मी प्रत्येक घोषणेला एकच प्रश्न विचारतो: कोणतं लेखाशीर्ष, आणि यंदा किती?

शंकररावांची आठवण

हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस मी नाही. आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये त्यांनी महाराष्ट्रात शून्याधारित अर्थसंकल्प आणला. कल्पना साधी होती. मागच्या वर्षी पैसे दिले म्हणून यंदाही द्यायचे, असं चालणार नाही. प्रत्येक योजनेनं शून्यापासून सुरुवात करून सांगायचं की मी का हवी आहे. खात्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं. फार काळ टिकलंही नाही. पण प्रश्न बरोबर होता.

आज मी त्यात एक ओळ जोडीन. नवीन काम यादीत घालण्याआधी चालू कामं पूर्ण करायला किती लागतात ते सभागृहासमोर लिहून ठेवा. एक रकाना, बस. "चालू कामांची शिल्लक देणी." तो रकाना बजेटच्या यादीत प्रत्येक कामापुढे ठळक आला, तर आमदारांना प्रश्न विचारता येईल, पत्रकारांना बातमी करता येईल, आणि माझ्यासारख्या अर्धवट शहाण्या पुतण्याला चुकीचा सल्ला देता येणार नाही.

तुम्ही काय करू शकता

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? गावात कामाचा नारळ फुटेल तेव्हा किंवा ग्रामसभेत तीन आकडे विचारा. एक, कामाची एकूण किंमत किती. दोन, यंदाची तरतूद किती. तीन, त्यातली वितरित किती झाली. पहिला आकडा पोस्टरवर असतो. दुसरा बजेटच्या यादीत असतो. तिसरा बीम्सवर किंवा ऑफिसात असतो, आणि कुणी सांगत नसेल तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. तिन्ही आकड्यांतलं अंतर जितकं मोठं, तितकं तुमचं काम लांब.

आणि कुणी छोटा गुत्तेदार ऐकत असेल तर, दादा, निविदा भरण्याआधी दुसरा रकाना वाचा. मी वाचला नव्हता.

काकांचं काय झालं, असं विचाराल. या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ३५ लाख आले. नंतर पुरवणीनंतर आणखी थोडे. दिवाळीच्या आधी उरलेले आले. व्याजाचे कुणी देत नाही. पतसंस्थेचं खातं बंद झालं, टिप्पर परत आला नाही. काका आता दुसऱ्याच्या साइटवर देखरेखीला जातात. नवीन काम घेणार का विचारलं, तर म्हणाले, "बघू. पैले तू ते पीडीएफ नीट वाच."

परवा त्यांच्यासोबत पुलावर गेलो होतो. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. शाळा सुटली होती, पोरं वरून सायकली दामटत जात होती. काका कठड्याला हात लावून उभे होते. म्हणाले, "काम मात्र चांगलं झालं बघ."

मार्चमध्ये पुन्हा बजेट येईल. त्या आठवड्यात आपण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची यादी एकत्र बसून वाचू, दुसरा रकाना समोर ठेवून. तुमच्या गावच्या कामाचं नाव आणि लेखाशीर्ष माहीत असेल तर आत्ताच पाठवून ठेवा.